घाटात चालवायला इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची तर: चढ मोजण्यापासून पहिल्या महिन्यापर्यंत

इलेक्ट्रिक स्कूटर घेतलेल्यांकडून आमच्या वाईत एक तक्रार पुन्हापुन्हा ऐकू येते: "शोरूमपाशी वाऱ्यासारखी पळाली, पसरणी घाटात मात्र दम टाकते." बहुतेक वेळा गाडीत खोट नसते. ती सपाटीवरच्या माणसाने घ्यावी तशी घेतलेली असते. आधी किंमत पाहिली, मग रेंज, मग रंग, आणि घाटाचा विचार गाडी दारात आल्यावर.

माझी रोजची वाट वाई ते पाचगणी, मधे पसरणी घाट. तुमची सातारा ते यवतेश्वर-कास असेल, चिपळूणची कुंभार्ली किंवा सावंतवाडीची आंबोली असेल. गाव कुठलंही असो, पायऱ्यांचा क्रम तोच आहे आणि तो मोडला की पैसे अडकतात. पहिल्या तीन पायऱ्या घरी बसून, वही-पेन घेऊन करायच्या आहेत. त्या होईपर्यंत शोरूमची पायरी चढू नका. तिथे गेलं की डोळे आधी गाडीवर जातात आणि हिशोब राहून जातो.

पायरी १: आपला चढ मोजा

दोन आकडे हवेत: एकूण किती मीटर वर चढायचं आणि सर्वांत खडा तुकडा किती खडा आहे. पहिल्यावर बॅटरी ठरते, दुसऱ्यावर मोटर.

एकूण चढ मोजायला फोनमधलं उंची दाखवणारं कुठलंही अ‍ॅप चालेल. सध्याच्या पेट्रोल गाडीवरून रोजच्या वाटेने जा आणि घर, घाटाचा पायथा, माथा आणि कामाचं ठिकाण इथली उंची लिहून घ्या. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७१५ मीटरवर आहे, पाचगणी १,२९० च्या आसपास. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरच्या वाटेत पावणेसहाशे मीटर चढ. वाटेत मध्येच उतार लागून पुन्हा चढ येत असेल, तर प्रत्येक चढ वेगळा मोजून बेरीज करा. फक्त सुरुवात आणि शेवट यांची वजाबाकी केली तर असे मधले चढ हिशोबातून गळतात.

खडा तुकडा मोजायला गवंड्याची लेव्हल आणि एक मीटर लांबीची सरळ पट्टी पुरते. पट्टीचं वरच्या बाजूचं टोक रस्त्याला टेकवा, खालच्या बाजूचं टोक बुडबुडा मध्यावर येईपर्यंत उचला आणि त्या टोकाखाली रस्त्यापर्यंत किती सेंटीमीटर अंतर राहिलं ते मोजा. १० सेंटीमीटर म्हणजे १० टक्के चढ.

सर्वांत खडा तुकडा घाटात असेलच असं नाही. सरकारी घाटरस्ते बरेचदा बेताच्या चढाने वळसे घेत जातात. खरा खडा चढ असतो तो मुख्य रस्त्यावरून आपल्या आळीत वळणारा, देवळाकडे जाणारा, किंवा सोसायटीच्या तळघरातून वर येणारा. तो वगळू नका. गाडी तिथे रोज शून्यातून उचलावी लागते.

तपासणी: वहीत आता तीन आकडे हवेत. एका खेपेचे किलोमीटर, एका खेपेचा एकूण चढ मीटरमध्ये, आणि सर्वांत खड्या तुकड्याची टक्केवारी.

पायरी २: खरं वजन धरा

माहितीपत्रकातला आकडा बहुतेकदा एकट्या, सडपातळ चालकाचा असतो. आपलं आयुष्य तसं नसतं. सकाळी मुलीला शाळेत सोडायचं असतं, येताना दळणाचा डबा असतो, महिन्यातून एकदा किराण्याची मोठी पिशवी असते. हिशोब नेहमीच्या दिवसाचा करा, पण गाडी निवडताना सर्वांत जड दिवस धरा.

माझा जड दिवस असा: गाडी ११५ किलो, मी ७५, मागे बसणारं माणूस ६०, सामान १०. एकूण २६० किलो. एकटा असतो तेव्हा २००.

गाडीची वाहनक्षमताही पाहा. चालक, मागचं माणूस आणि सामान मिळून किती किलो चालतील हे पुस्तिकेत दिलेलं असतं. दोघंही भरभक्कम असाल, तर हा आकडा सपाटीपेक्षा घाटात जास्त मनावर घ्या. चढावर जास्त भार मागच्या चाकावर जातो आणि पुढचं चाक हलकं पडतं.

पायरी ३: बॅटरीचा हिशोब युनिटमध्ये करा

जाहिरातीतली रेंज बाजूला ठेवा. कागदावर असते ती आयडीसी रेंज. ठरावीक वेगाच्या ठरावीक चक्रावर, सपाट रस्ता धरून ती काढतात. त्यात घाट नाही, म्हणून तुमच्या गावाला त्या आकड्याचा उपयोग फारसा नाही.

बॅटरीची क्षमता किलोवॅट-अवरमध्ये दिलेली असते. एक किलोवॅट-अवर म्हणजे वीजबिलावरचं एक युनिट. ३ किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे तीन युनिटांची टाकी. असं धरलं की पुढचं गणित तोंडी होतं:

चढाला लागणारी युनिटं = एकूण वजन किलोत × चढ मीटरमध्ये ÷ ३,००,०००

मोटर आणि कंट्रोलरमध्ये वाया जाणारा साधारण पाचवा हिस्सा यात धरलेला आहे. शिवाय अंतरासाठी दर ४० किलोमीटरला एक युनिट मिळवा.

जड दिवशी माझी वरची खेप: २६० × ५७५ ÷ ३,००,००० म्हणजे अर्धा युनिट. १३ किलोमीटरचे ०.३३. एकूण ०.८३ युनिट. एकटा गेलो तर ०.७१. खाली येताना घाटात जवळजवळ काही खर्च होत नाही. गावातल्या सपाटीचे ०.१५ धरतो. वाईतली बाजारहाट आठ किलोमीटर, ०.२. जड दिवसाची बेरीज सुमारे १.२ युनिट.

म्हणजे दोन युनिटांची बॅटरी आरामात पुरेल असं वाटतं. इथेच बहुतेक जण चुकतात. बॅटरीतल्या सगळ्या युनिटांवर भरवसा ठेवता येत नाही. शेवटच्या २० टक्क्यांत व्होल्टेज पडतं, गाडी स्वतःहून ताकद कमी करते, आणि चढावर ताकद कमी होणं म्हणजे रस्त्यात उभं राहणं. त्यात काही वर्षांनी बॅटरीची क्षमता मूळच्या तीन-चतुर्थांशावर येईल असं धरून चालावं. ही दोन्ही वजा केली की साधा नियम उरतो: लिहिलेल्या क्षमतेच्या ६० टक्के तेवढी भरवशाची.

दोन युनिटांच्या बॅटरीची भरवशाची ऊर्जा १.२. माझ्या जड दिवसाला नेमकी काठावर. पावसात रात्री वीज गेली आणि चार्जिंग अर्धवट राहिलं की दुसऱ्या दिवशी खोळंबा. तीन युनिटांची भरवशाची १.८, त्यात मी बसतो. तुमचे आकडे घालून पाहा आणि उत्तर काठावर आलं तर एक माप मोठी बॅटरी घ्या. मोठ्या बॅटरीचा आणखी एक फायदा घाटात कळतो: तेवढीच ताकद काढताना प्रत्येक सेलवर ताण कमी पडतो, गाडी कमी तापते.

सावध: "उतारावर बॅटरी परत भरते" हे वाक्य हिशोबात धरू नका. मी गणित करून पाहिलं आहे. पावणेसहाशे मीटर उतरताना माझ्या वजनाला जेमतेम दोन-तीन टक्के परत मिळतात. बाकीची ऊर्जा वारा, टायर आणि ब्रेक खातात.

आणखी एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा: चढ दिवसाच्या सुरुवातीला आहे की शेवटी? वाईत राहून पाचगणीला कामाला जाणारा भरल्या बॅटरीने चढतो. पाचगणीत राहून वाईला येणारा दिवसभर बॅटरी वापरून संध्याकाळी, उरलेल्यावर चढतो. गाडी तीच, वाट तीच, पण दुसऱ्याला जास्त बॅटरी लागते किंवा खाली कामाच्या ठिकाणी चार्जिंगची सोय लागते.

पायरी ४: मोटरचा आकडा नीट वाचा

चढावर किती ताकद लागते त्याचं तोंडी गणित:

वजन × चढाची टक्केवारी × वेग ÷ ३७ = वॅट. त्यात पाचवा हिस्सा मिळवा.

२६० किलो, १० टक्के चढ, ताशी २५ किलोमीटर: साधारण २,१०० वॅट. एवढी ताकद मोटरने सलग दहा-पंधरा मिनिटं द्यायला हवी. म्हणून माहितीपत्रकात मोटरचे दोन आकडे शोधा. एक कमाल ताकद, जी काही सेकंदच मिळते. दुसरी सलग किंवा रेटेड ताकद. जाहिरातीत मोठ्या अक्षरात पहिली असते, घाट चढवते ती दुसरी. आपलं उत्तर रेटेड ताकदीशी ताडून पाहा. रेटेड आकडा कुठेच दिलेला नसेल तर लेखी मागा. मिळाला नाही तर ती गाडी यादीतून काढा.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. नोंदणी नको, लायसन्स नको, अशा स्वस्त गाड्या ज्या सवलतीत बसतात, तिची मर्यादा आहे मोटर २५० वॅटच्या आत आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. आता हे गणितात घाला. ७० किलोची गाडी, ७० किलोचा एकटा माणूस, १० टक्के चढ: वेग ताशी साडेपाच किलोमीटर. माणूस जवळपास तेवढ्याच वेगाने चालत चढेल. मोटर मात्र तेवढा वेळ पूर्ण जोर लावून तापत राहते. ही गाडी सपाट गावात भाजी आणायला ठीक आहे, घाटासाठी नाही.

दुकानदार सांगेल, "कागदावर २५० आहे, पण आतून जोरात चालते." अशा गाडीपासून लांब राहा. २५० वॅटची मर्यादा ओलांडली की ती कायद्याने मोटार वाहन ठरते आणि तिला नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं. ते नसताना अपघात झाला, समोरचा जखमी झाला, तर भरपाई तुमच्या खिशातून जाते.

आकड्यांचे आणखी दोन घोळ आहेत. चढण्याची क्षमता काही ठिकाणी अंशात देतात, काही ठिकाणी टक्क्यांत. ५ अंश म्हणजे ९ टक्के, ७ अंश म्हणजे १२ टक्के, १० अंश म्हणजे जवळपास १८ टक्के. दोन गाड्यांची तुलना करताना एकच माप करून घ्या. दुसरा घोळ टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा. कुणी मोटरच्या दांड्यावरचा टॉर्क छापतं, कुणी चाकावरचा. चाकावरचा आकडा कितीतरी मोठा दिसतो, त्यामुळे २५ आणि १४० हे दोन आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढता येत नाही.

मोटर बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. चाकातच बसवलेली हब मोटर, जशी टीव्हीएसच्या आयक्यूबला आहे; आणि मधे बसवून बेल्ट, चेन किंवा गिअरने चाक फिरवणारी, जशी एथर ४५० मालिकेत आहे. हब मोटरला झिजणारे भाग कमी, देखभाल कमी. पण कमी वेगात खूप जोर लावावा लागला की ती लवकर तापते, कारण चाक हळू फिरतं तेव्हा मोटरही तेवढीच हळू फिरते. मधल्या मोटरला चाकापेक्षा जास्त वेगाने फिरण्याची मुभा असते. लांब, सलग, डबलसीट घाट रोजचा असेल तर माझा कल मधल्या मोटरकडे आहे. आळीतला एखादा छोटा चढ असेल तर हब मोटरही उत्तम चालते.

पायरी ५: उतरणं आणि उभी करणं

घाट चढण्याचा विचार सगळे करतात. उतरण्याचा फार कमी लोक करतात, आणि माझ्या मते जिवाशी गाठ तिथे आहे.

पेट्रोल मोटारसायकल उतारावर गिअरमध्ये टाकली की इंजिन तिला धरून ठेवतं. इलेक्ट्रिक स्कूटरला ते इंजिन नाही. तिच्यात ते काम रिजनरेशन करतं: ॲक्सिलरेटर सोडला की मोटर उलट वीज तयार करते आणि गाडी ओढून धरते. प्रत्येक गाडीत त्याचा जोर वेगळा असतो, काहींत नगण्य असतो. घाटवाल्याने ज्या गाडीत हा जोर स्पष्ट जाणवतो तीच घ्यावी.

सावध: बॅटरी पूर्ण भरलेली असताना तयार झालेली वीज ठेवायला जागा नसते, म्हणून रिजनरेशन बंद पडतं किंवा अगदी मंद होतं. पाचगणी, महाबळेश्वरसारख्या माथ्यावर राहणाऱ्यांनी हे पाठच करावं. रात्रभर १०० टक्के चार्ज करून सकाळी थेट घाट उतरायला लागलात, तर सुरुवातीची वळणं केवळ ब्रेकवर उतरावी लागतात. घर माथ्यावर असेल तर रोज ८५-९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. ही मर्यादा गाडीत किंवा अ‍ॅपमध्ये लावता येते का, ते विकत घेण्याआधीच विचारा. घर पायथ्याला असेल तर पूर्ण भरून निघायला हरकत नाही.

पुढचा ब्रेक डिस्क असावा. ड्रम ब्रेक लांब उतारावर सतत दाबून ठेवला की तापून त्याची पकड कमी होते. कुठल्याही ब्रेकला हे होतं, ड्रमला लवकर होतं.

मग गाडी उभी करणं. गिअरची गाडी आपण चढावर पहिल्या गिअरमध्ये ठेवून निर्धास्त जातो. इलेक्ट्रिक स्कूटरचं चाक बंद केल्यावरही मोकळं फिरतं. उतरत्या रस्त्यावर साइड स्टँडवर लावली की पुढे सरकते, स्टँड मिटतो, गाडी आडवी. म्हणून ब्रेक लिव्हर अडकवून ठेवायचा पार्किंग लॉक हवा. तो नसेल तर गाडीचं तोंड चढाकडे करून, चाक कडेच्या दगडाला किंवा भिंतीला टेकवून लावायची सवय करावी लागेल. रिव्हर्स मोड आहे का तेही पाहा. उतरत्या पार्किंगमधून ११५ किलोची गाडी मागे चढवत काढणं वयस्क माणसाला जमत नाही. चढावर थांबल्यावर गाडी मागे घरंगळू न देणारी सोय, म्हणजे हिल होल्ड, हेअरपिन वळणावर एसटीमागे अडकलात की उपयोगी पडते.

पायरी ६: गाडी बुक करण्याआधी घरचा सॉकेट

चार्जर साधारण ७५० ते १,००० वॅट ओढतो, तोही चार-पाच तास सलग. मिक्सरच्या सॉकेटवर हे काम करू नका. १५-१६ अँपिअरचा पॉवर सॉकेट, मीटरपासून वेगळी वायर, वेगळा एमसीबी, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) एवढं वायरमनकडून करून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. घाटमाथ्याच्या पावसात ओल, सैल जोड आणि सलग करंट एकत्र आले की प्लग वितळतो.

आमच्याकडच्या जुन्या वाड्यांमध्ये तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे अर्थिंगच नसतं. वायरमनला मोजून दाखवायला सांगा. नसेल तर आधी अर्थिंगचा खड्डा, मग गाडी.

माझ्यासारखी वाट असेल तर महिन्याला पस्तीस-चाळीस युनिटं वाढतील. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो. तुमचा वापर ९० युनिटांच्या आसपास असेल, तर ही वाढ १०० च्या वरच्या टप्प्यात जाते आणि तेवढी युनिटं महाग दराने पडतात. मागचं बिल काढून हिशोब करा. पेट्रोलच्या मानाने तरीही परवडतं, पण आकडा आधी माहीत असावा.

वरच्या मजल्यावर राहता, खाली सॉकेट नाही? मग काढून नेता येणारी बॅटरी असलेली गाडी पाहा. हीरोच्या विडा व्ही१ ला अशा दोन बॅटऱ्या होत्या. शोरूममध्ये बॅटरी हातात उचलून बघा, आणि रोज जी व्यक्ती ती वर नेणार आहे तिलाच उचलायला लावा.

पायरी ७: सर्व्हिस सेंटर आणि वॉरंटी

सर्व्हिस सेंटर किती लांब आहे हे मोजा. वाईकराला सातारा ३५ किलोमीटर. गाडी बंद पडली तर टेम्पोत घालून नेण्याचा खर्च कोणाचा, घाटात येणार का, किती तासांत, हे लेखी घ्या.

बॅटरीच्या वॉरंटीत तीन ओळी वाचा: वर्षं, किलोमीटर आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळेल ते. तिसरी ओळ नसेल तर बॅटरी अर्धी झाली तरी "चालते आहे ना" असं उत्तर मिळू शकतं. पाण्याने झालेलं नुकसान वगळलं आहे का तेही पाहा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याला या एका ओळीचा फरक पडतो. बॅटरी आणि मोटर आयपी६७ असावी. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. फरशीवरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी घालायचा तो परवाना नव्हे.

पायरी ८: टेस्ट राइड, आपल्याच घाटात

शोरूमभोवतीची एक चक्कर म्हणजे टेस्ट राइड नव्हे. तासाभरासाठी गाडी मागा. ओळखपत्र ठेवा, पेट्रोल गाडी ठेवा, शोरूमच्या माणसालाच मागे बसवा, म्हणजे डबलसीटही आपोआप होतं. घाट लांब असेल तर ओळखीत ती गाडी कोणाकडे आहे ते शोधा आणि रविवारी अर्धा दिवस मागून घ्या. दहा जणांच्या मतापेक्षा ही एक फेरी जास्त सांगते.

शक्यतो बॅटरी ४० टक्क्यांच्या खाली असताना चढा. भरल्या बॅटरीवर सगळ्याच गाड्या छान चढतात. मग या क्रमाने पाहा:

१. पायथ्याला बॅटरीची टक्केवारी आणि वेळ लिहा.

२. सर्वांत खड्या तुकड्यावर पूर्ण थांबा आणि डबलसीट पुन्हा उचला. गाडी आचके न देता निघाली पाहिजे.

३. दहा मिनिटं सलग चढल्यावर वेग तोच राहतो का पाहा. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलेला असूनही वेग हळूहळू पडत गेला, किंवा पडद्यावर तापमानाची सूचना आली, तर गाडी ताकद कापते आहे.

४. इको मोडमध्ये घाट चढतो का ते वेगळं बघा. फक्त स्पोर्टमध्येच चढत असेल तर रोजचा खर्च त्या मोडचा धरा.

५. माथ्यावर टक्केवारी लिहा. पायरी ३ मधल्या तुमच्या उत्तराशी ती जुळते का? चार-पाच टक्क्यांचा फरक चालेल. दुप्पट खर्च झाला असेल तर मोड, टायरची हवा आणि वजन पुन्हा तपासा. तरी जुळलं नाही तर ती गाडी सोडा.

६. उतरताना ॲक्सिलरेटर सोडून बघा, ब्रेक न लावता वेग किती आवरतो. खाली आल्यावर ब्रेक लिव्हर सुरुवातीइतकाच घट्ट लागतो का ते पाहा.

खड्ड्यांतून मुद्दाम न्या. १० इंची चाकापेक्षा १२ इंची चाक जुलैमधल्या घाटरस्त्यावर कितीतरी सुसह्य असतं.

पायरी ९: पैसे आणि कागद

एक्स-शोरूम किंमत विसरा, ऑन-रोड किंमत सुट्या रकमांसह लेखी घ्या. चार्जर किमतीत आहे की वेगळा? अ‍ॅपच्या सोयींसाठी दर वर्षी पैसे आहेत का? अनुदान लागू असेल तर ते बिलातच वजा झालेलं दिसलं पाहिजे. "नंतर खात्यात येईल" या बोलीवर सही करू नका.

नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि त्यात बॅटरी, चार्जर धरले आहेत का ते एजंटाकडून पॉलिसीत दाखवून घ्या. बिलावर चासी, मोटर आणि बॅटरी तिन्हींचे नंबर असावेत आणि ते गाडीवरच्या नंबरांशी तुम्ही स्वतः ताडून पाहावेत. बॅटरी एआयएस-१५६ या सुरक्षा मानकाला उतरलेली आहे याचा उल्लेख कागदात हवा. खासगी इलेक्ट्रिक गाडीची नंबरप्लेट हिरवी, त्यावर पांढरी अक्षरं.

पायरी १०: डिलिव्हरीचा दिवस आणि पहिला महिना

शोरूममधून गाडी अनेकदा अर्ध्या चार्जवर हातात देतात. साताऱ्याहून वाई ३५ किलोमीटर, पुढे पसरणी घाट. एकट्याला मिळून साधारण दीड युनिट. तीन युनिटांची अर्धी बॅटरी त्यात संपते, तीही घाटाच्या वरच्या वळणावर. आदल्या संध्याकाळी फोन करून पूर्ण चार्ज करायला सांगा आणि टक्केवारी बघूनच चावी घ्या.

घाट चढून आल्या आल्या चार्जरला लावू नका, अर्धा तास निवू द्या. गरम बॅटरी चार्ज केली की तिचं आयुष्य घटतं. महिनाभर डिकीत एक छोटी वही ठेवा आणि तारीख, निघतानाची टक्केवारी, माथ्यावरची टक्केवारी, एकटे की दोघं, पाऊस होता का, एवढंच लिहा. वॉरंटीत कधी वाद झाला तर हीच वही कामाला येते.

टायरमधली हवा आठवड्याला पाहा. महिन्याअखेरीस पहिल्या सर्व्हिसला गेलात की मेकॅनिकला मागच्या ब्रेकची झीज मोजायला सांगा. घाटातल्या गाडीचे ब्रेक सपाटीच्या गाडीपेक्षा लवकर जातात, आणि कंपनीचं सर्व्हिसचं वेळापत्रक सपाटीचं असतं. मी मे महिन्याच्या शेवटी, वेळापत्रकात नसलं तरी, दोन्ही ब्रेक आणि टायर पाहून घेतो. जूनमध्ये धुकं उतरल्यावर सर्व्हिस सेंटरला नंबर लागत नाही.